हिमालयाचे नाव, आर्मेनियाचे काटे

इ. स. १८८५ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील सांता रोझा या गावी भारतातून बियांची एक लहानशी पुडी येऊन पोहोचली. पुडी ज्याच्या हाती पडली तो ल्यूथर बरबँक तेव्हा पस्तिशी ओलांडलेला, फारसा प्रसिद्ध नसलेला रोपवाटिकाकार होता. बिया ब्लॅकबेरीच्या होत्या. त्यांतून उगवलेल्या एका जोमदार झुडपाला त्याने 'हिमालया जायंट' असे भारदस्त नाव दिले आणि ते बाजारात आणले.

आज कॅलिफोर्नियापासून कॅनडाच्या सीमेपलीकडेपर्यंत हे झुडूप रेल्वेमार्गांच्या कडेने, ओढ्यांच्या काठांनी आणि शहरांतील पडीक जागांवर माजलेले दिसते. सरकारी याद्यांत त्याची गणना तणांत होते. आणि गंमत अशी, की हे झुडूप हिमालयातले नव्हतेच.

हा धागा त्या पुडीचा आहे. एका देशातले पीक दुसऱ्या देशात तण कसे होते, एकाचा रोग दुसऱ्याचे औषध कसा ठरतो, आणि या दोहोंमधली रेषा नेमकी कोण आखतो, याचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा हिशोब त्यात सापडतो.

प्रथम बरबँकविषयी. त्याचा जन्म १८४९ चा, मॅसॅच्युसेट्समधील लँकेस्टर गावचा. चार्ल्स डार्विनच्या ग्रंथांनी झपाटलेल्या या तरुणाने बटाट्याचा एक उत्तम वाण शोधला, त्याचे हक्क १५० डॉलरना विकले आणि १८७५ मध्ये तो पश्चिमेकडे निघून आला. सांता रोझात त्याने जे आरंभले, त्याला प्रयोगशाळा म्हणावे की जुगार, याविषयी मतभेद होऊ शकतात. हजारो रोपे उगवायची, त्यांतून नजरेला भावलेले एखादे ठेवायचे आणि उरलेली उपटून जाळून टाकायची, अशी त्याची रीत होती. त्याच्या शेतावर नापसंत रोपांच्या होळ्या पेटत. पांढऱ्या रंगाची ब्लॅकबेरी, बिनकाट्यांची ब्लॅकबेरी, निवडुंगाचा बिनकाटेरी वाण, नाना प्रकारचे आलुबुखार यांच्या त्याने नुसत्या याद्याच छापल्या. १८९३ च्या त्याच्या सूचिपत्राने अमेरिकेत खळबळ माजवली.

भारतीय वाचकाला हे नाव दुसऱ्याच एका वाटेने ठाऊक असण्याचा संभव आहे. परमहंस योगानंद यांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेले आपले आत्मचरित्र ज्याला अर्पण केले, तो हाच बरबँक. योगानंद त्याला सांता रोझात भेटले होते.

परंतु या संतवृत्तीच्या माणसाला एक मोठी खोड होती. तो नोंदी ठेवत नसे. कोणते रोप कोठून आले, कोणाशी कोणाचा संकर केला, हे बहुतेक त्याच्या डोक्यातच असे. १९०५ मध्ये कार्नेगी संस्थेने त्याला वर्षाला १०,००० डॉलरचे अनुदान दिले आणि त्याच्या पद्धती टिपून घेण्यासाठी जॉर्ज शल हा शास्त्रज्ञ पाठवला. शल आला, त्याने पाहिले, विचारले. पण शास्त्राच्या कसोटीला उतरतील अशा नोंदी हाती लागेनात. काही वर्षांतच अनुदान थांबले. अशा माणसाने पुडीवरच्या पत्त्यावरून झाडाचे मूळ गाव ठरवून टाकले, यात नवल नाही. भारतातून आली म्हणजे हिमालयातली, आणि हिमालयातली म्हणजे थंडीवाऱ्याला दाद न देणारी. जाहिरातीला यापेक्षा चांगले नाव कोणते मिळणार?

खरी ओळख मात्र त्याआधीच पटलेली होती, फक्त ती दुसऱ्या खंडात, दुसऱ्या भाषेत छापलेली होती. जर्मनीतील ब्रेमेन शहरात विल्हेल्म ओल्बर्स फोके नावाचा एक डॉक्टर राहत असे. वैद्यकी हा त्याचा व्यवसाय आणि काटेरी बेरींचे वर्गीकरण हे त्याचे व्यसन. या अभ्यासाला युरोपात 'बॅटॉलॉजी' असे स्वतंत्र नाव आहे, इतका तो विषय किचकट. फोकेने १८७४ मध्ये एका जातीचे वर्णन करून तिला 'रूबस आर्मेनियाकस' असे नाव दिले. मूळ प्रदेश आर्मेनिया आणि उत्तर इराण. जर्मनीत तिची लागवड होत असे आणि तेथे 'थिओडोर राइमर्स' या नावाने ती विकलीही जाई. बरबँकची 'हिमालया' आणि जर्मनांची 'थिओडोर राइमर्स' या एकच.

हे सारे इतके किचकट का, ते समजण्यासाठी या झुडपांच्या घरात थोडे डोकवावे लागेल. रास्पबेरी आणि ब्लॅकबेरी या दोघी 'रूबस' या एकाच प्रजातीसमूहातल्या, गुलाबाच्या कुळातल्या. फळ म्हणजे इवल्याशा रसाळ मण्यांचा घोस. रास्पबेरी तोडली, की आतला पांढरा गाभा झाडावरच राहतो आणि फळ शिंप्याच्या अंगुस्तानासारखे पोकळ हाती येते. ब्लॅकबेरीचा गाभा फळाबरोबरच निघून येतो. दोघींची मुळे वर्षानुवर्षे जगतात, पण जमिनीवरच्या फांद्यांचे आयुष्य दोनच वर्षांचे. पहिल्या वर्षी फांदी नुसती वाढते, दुसऱ्या वर्षी फुलते, फळते आणि वाळून जाते. म्हणून बागाईतदाराचे मुख्य काम कापणीचेच: फळलेल्या फांद्या दरवर्षी बुडातून काढायच्या, नव्या फांद्या तारांवर बांधायच्या. या कामात खंड पडला, की वाळलेल्या फांद्यांच्या ढिगावर नव्या फांद्या चढतात आणि सह्याद्रीत करवंदाची असते तशी जाळी तयार होते. फरक एवढाच, की ब्लॅकबेरीची फांदी सहा-सात मीटर लांब जाते, कमानीसारखी वाकते आणि तिचा शेंडा मातीला टेकला की तिथेच मुळे धरतो. माळी ज्याला दाबकलम म्हणतो, ते हे झुडूप स्वतःच करून घेते.

यापुढची खुबी बियांत आहे. युरोपातल्या पुष्कळ ब्लॅकबेरींमध्ये, आणि आर्मेनियाकसमध्येही, बरेचसे बीज फलनावाचूनच तयार होते. अशा बीजातून उगवणारे रोप म्हणजे आईची हुबेहूब प्रत असते. आंब्याची कोय लावली तर कोणता आंबा निघेल याचा नेम नसतो, येथे मात्र पक्ष्याने कोठेही टाकलेले बी तेच झाड उगवते. एखाद्या दरीतली हजारो झुडपे ही वस्तुतः एकाच झाडाची आवृत्ती असते. जोम, काटे, फळाचा आकार, सगळे जसेच्या तसे. बरबँकने निवडलेले गुण पक्ष्यांनी पोस्टाच्या इमानाने घरोघर पोहोचवले. १९४५ पर्यंत पश्चिम किनाऱ्याच्या मोठ्या भागात ही ब्लॅकबेरी रानटी होऊन स्थिरावली होती.

तरीही ओरेगॉन किंवा वॉशिंग्टन राज्यातल्या माणसाला तिच्याविषयी विचारले, तर शिवी आणि कौतुक एकाच श्वासात ऐकू येण्याची शक्यता अधिक. ऑगस्टमध्ये लोक डबे घेऊन रस्त्याकडेला उभे राहतात. वैशाखात डोंगराची काळी मैना वेचायला जाणाऱ्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. शिवाय या तणाचे पांग ओरेगॉनने दुसऱ्याही एका मार्गाने फेडून घेतले आहेत. कॉर्व्हॅलिस येथे अमेरिकी कृषी खात्याचा पैदासकार जॉर्ज वॉल्डो याने 'सँटियम' आणि 'हिमालया' यांच्या संकरातून 'चेहेलम' हा वाण तयार केला होता. त्या चेहेलमचा 'ओलाली' या वाणाशी संकर करून १९५६ मध्ये 'मॅरियन' ही ब्लॅकबेरी प्रसृत झाली. ओरेगॉनच्या कोणत्याही घरात पाय नावाच्या गोड पदार्थासाठी पहिली पसंती असते ती मॅरियनला. तिची आजी म्हणजे घरामागच्या ओढ्यावर विळे-कोयते घेऊन जिच्याशी झगडावे लागते, तीच हिमालया.

मॅरियनच्या दुसऱ्या बाजूच्या पूर्वजांत 'लोगनबेरी' येते, आणि तिची कथा तर पूर्णतः अपघाताची आहे. सांता क्रूझचा न्यायाधीश जेम्स हार्वे लोगन याने १८८१ मध्ये आपल्या परसात दोन ब्लॅकबेरींचा संकर करू पाहिला. शेजारीच जुनी रास्पबेरी फुललेली होती. परागकणांनी न्यायाधीशाचा आदेश जुमानला नाही आणि ब्लॅकबेरी-रास्पबेरीचे एक लालसर, आंबटगोड अपत्य जन्माला आले. सांता क्रूझचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, ते पुढे एकदा येणार आहे.

आता पॅसिफिक महासागर ओलांडून ऑस्ट्रेलियाकडे वळावे लागते, कारण या घराण्याशी सर्वांत मोठे युद्ध तेथे लढले गेले. तिथली ब्लॅकबेरी बरबँकची नव्हे. वसाहतीसाठी आलेल्या युरोपीयांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच तिची चुलत भावंडे कुंपणासाठी आणि मुरंब्यासाठी नेली होती. व्हिक्टोरिया वसाहतीचा सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड फॉन म्यूलर हा विद्वान आणि कमालीचा कष्टाळू जर्मन तिचा खंदा पुरस्कर्ता होता. डोंगरातल्या ओढ्यांकाठी ती रुजवावी, वाटसरूला फळ मिळेल, असे त्याचे मत होते. स्वतःच्या प्रवासातही त्याने तिच्या बिया पेरल्या. त्या काळी हा वेडेपणा मुळीच मानला जात नव्हता. परक्या भूमीला 'घरच्यासारखी' करण्यासाठी तिथे रीतसर मंडळे स्थापन झाली होती. ससेही याच उत्साहात, १८५९ मध्ये, व्हिक्टोरियातील एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी सोडले. पुढे या सशांना आसरा मिळाला तो ब्लॅकबेरीच्याच जाळ्यांत. म्यूलर १८९६ मध्ये वारला, तोवर शेतकरी त्याच्या या आवडत्या झुडपाला शिव्या घालू लागले होते.

आजच्या सरकारी अंदाजानुसार ऑस्ट्रेलियात सुमारे ८८ लाख हेक्टर क्षेत्रावर ब्लॅकबेरीचा प्रादुर्भाव आहे. तुलना करायची तर महाराष्ट्राच्या एकूण भूभागाच्या चौथ्या हिश्शाहून हे अधिक. आपल्याकडे शोभेसाठी आणलेल्या घाणेरीने जंगलांचे जे केले, त्याचीच ही मोठी, काटेरी आवृत्ती म्हणता येईल.

कापून, जाळून, शेळ्या सोडून झाल्यावर दुसऱ्या महायुद्धानंतर रसायनांची पाळी आली. त्यातले सर्वांत प्रभावी तणनाशक होते '२,४,५-टी'. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या कुरणांवर ते ब्लॅकबेरीसाठी सर्रास फवारले गेले. हेच द्रव्य व्हिएतनाम युद्धात जंगले निष्पर्ण करण्यासाठी वापरलेल्या 'एजंट ऑरेंज'च्या दोन घटकांपैकी एक होते, आणि त्याच्या निर्मितीत डायॉक्सिन हे जहाल विष अशुद्धीच्या रूपाने शिरत असे. ज्या ओढ्याकाठी वाटसरूने फळ खावे म्हणून म्यूलरने बी पेरले, त्याच ओढ्याकाठी शंभर वर्षांनी हे औषध पडत होते.

रसायनाला पर्याय म्हणून जी कल्पना पुढे आली, तिचे एक जुने उदाहरण खुद्द भारतात घडलेले आहे, आणि तेही चुकीच्या ओळखीतूनच. ईस्ट इंडिया कंपनीला स्पॅनिश मेक्सिकोची किरमिजी रंगाची मक्तेदारी मोडायची होती. त्यासाठी १७९५ मध्ये ब्राझीलहून कोचिनीलचे किडे कलकत्त्यास आणले गेले. किडे भलत्याच जातीचे निघाले. रंग हलका मिळाला. पण निवडुंगाच्या एका जातीचा त्यांनी फडशा पाडला. मुद्दाम आणलेल्या कीटकाने तण संपवल्याचे जगाच्या इतिहासातले हे पहिले ठळक उदाहरण मानले जाते. दक्षिणेतला फड्या निवडुंग मात्र या किड्यांना पुरून उरला. त्याच्यासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेहून कोचिनीलचीच दुसरी जात आणावी लागली. एक कीटक एकाच जातीचे निवडुंग खातो, जवळच्या दुसऱ्या जातीला तोंडही लावत नाही, हा धडा त्यात होता. ब्लॅकबेरीच्या प्रकरणात तोच धडा पुन्हा, अधिक महागात, शिकावा लागला.

ब्लॅकबेरीसाठी निवडलेले अस्त्र कीटक नव्हते, तांबेरा होता. गव्हाचा तांबेरा महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला नवा नाही. त्याच जातकुळीची 'फ्रॅग्मिडियम व्हायोलेसियम' ही बुरशी युरोपात ब्लॅकबेरीवर जगते. पानाच्या वरच्या अंगाला जांभळट ठिपके, खालच्या अंगाला पिवळी-नारिंगी भुकटी, आणि मग पानगळ. पाने झडलेली फांदी अशक्त होते, जमिनीपर्यंत पोहोचत नाही, शेंडा मुळे धरत नाही. झुडूप मरत नाही. त्याची पाऊलवाट बंद होते. गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याला आपले चक्र पूर्ण करण्यासाठी दुसऱ्या एका झुडपाची गरज असते, हा तांबेरा मात्र सगळे आयुष्य ब्लॅकबेरीवरच काढतो. म्हणजे दुसऱ्या पिकावर उडी मारण्याचे भय कमी. रास्पबेरीचा तांबेरा वेगळा आहे.

पहिला प्रयोग चिलीने केला. व्हाल्दिव्हिया येथील ऑस्ट्रल विद्यापीठातील एद्गार्दो ओरेन्स याने १९७३ मध्ये ही बुरशी युरोपातून आणून दक्षिण चिलीत सोडली. परदेशातून रोग आणून तणावर सोडण्याच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी हा एक. तेथे माजलेल्या दोन जातींपैकी एकीवर तांबेऱ्याने चांगला वचक बसवला, दुसरीवर त्याचे फारसे चालले नाही.

ऑस्ट्रेलियात गाडे शास्त्रापाशी अडले नाही; ते माणसांपाशी अडले. पशुपालकांना ब्लॅकबेरी नष्ट व्हायला हवी होती. मधमाशीपालकांना तिची फुले हवी होती. फळ-उत्पादकांना आपल्या लागवडीत रोग शिरण्याची धास्ती होती. असाच झगडा तेव्हा दुसऱ्या एका जांभळ्या फुलांच्या झाडावरून कोर्टात गेला होता. त्या झाडाची दोन नावेच सारी कथा सांगतात. एका प्रांतातले शेतकरी त्याला 'पॅटर्सनचा शाप' म्हणत, आणि कोरड्या प्रदेशातले, जिथे उन्हाळ्यात गुरांना आणि मधमाश्यांना त्याचाच आधार असे, ते त्याला 'तारणहार जेन' म्हणत. १९८० मध्ये न्यायालयाने त्या झाडावर कीटक सोडण्यास मनाई केली. अखेर शत्रू कोण हे ठरवण्याची रीत घालून देणारा जैविक नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा १९८४ मध्ये करावा लागला. एखाद्या झाडाचा गुन्हेगारपणा सुनावणी घेऊन ठरवायचा, दोन्ही बाजूंचे नुकसान मोजायचे, मग निकाल द्यायचा, अशी ही व्यवस्था. थट्टा करण्याजोगी वाटली, तरी तिच्याहून प्रामाणिक तोड दुसऱ्या कोणत्या देशाने तोवर काढली नव्हती.

आणि त्याच १९८४ साली व्हिक्टोरियात ब्लॅकबेरीच्या पानांवर तांबेरा दिसला. सरकारने तो सोडलेला नव्हता. परवानगीची वाट न पाहता तो देशात आणला गेला होता.

या बेकायदा बुरशीने काही ठिकाणी पाने झाडली, काही ठिकाणी तिने ब्लॅकबेरीला स्पर्शही केला नाही. शास्त्रज्ञांनी मग रीतसर चाचण्या घेऊन फ्रान्समधील 'एफ-१५' हा निवडक प्रकार १९९१ मध्ये सोडला. निकाल पुन्हा संमिश्र. थंड आणि भरपूर पावसाच्या दऱ्यांत उत्तम, कोरड्या भागात नगण्य. आणि एकाच दरीत शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन जाळ्यांपैकी एक निष्पर्ण, दुसरी हिरवीगार.

असे का व्हावे, याचे उत्तर फोकेच्या त्या किचकट शास्त्रात होते. ज्याला शेतकरी सरसकट 'ब्लॅकबेरी' म्हणत होता, ते वस्तुतः अनेक सूक्ष्म जातींचे मिश्रण होते आणि त्यांतली प्रत्येक आपल्या आईच्या हुबेहूब प्रती काढत बसली होती. तांबेऱ्याचा एक प्रकार एका कुलुपाची किल्ली. दुसऱ्या कुलुपात ती फिरत नाही. डीएनए-परीक्षणाने जातींची खरी यादी हाती आल्यावर २००४ मध्ये तांबेऱ्याचे आणखी आठ प्रकार सोडण्यास आरंभ झाला. ब्रेमेनच्या डॉक्टरचे व्यसन, ज्याला त्याच्या समकालीनांनी निरुद्योग्याचा छंद मानले असते, ते एका खंडाच्या कुरणांचा प्रश्न सोडवण्यासाठी आवश्यक ठरले.

बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर जातात आणि वाऱ्याला कायदा लागू नसतो. ऑस्ट्रेलियातला हा तांबेरा १९९० च्या सुमारास समुद्र ओलांडून न्यूझीलंडमध्ये पोहोचला.

हिमालयाच्या नावाने सुरू झालेल्या या कथेत खरा हिमालयही येतो, पण तो उलट्या बाजूने. कुमाऊँ-गढवालच्या वाटांवर उन्हाळ्याच्या तोंडावर पिवळीधमक, रसाळ 'हिसालू' पिकते. नेपाळात तिला 'ऐंसेलु' म्हणतात. ही अस्सल हिमालयीन रास्पबेरी, शास्त्रीय नाव 'रूबस एलिप्टिकस'. पहाडी माणसाच्या बालपणाशी तिचे जे नाते, ते कोकणातल्या मुलाचे करवंदाशी. १९६१ मध्ये हवाई बेटांवर व्होल्कॅनो या गावाजवळ ती लागवडीसाठी नेण्यात आली आणि तेथील पावसाळी जंगलांत अशी घुसली, की जगातील सर्वांत घातक शंभर आगंतुक सजीवांच्या आंतरराष्ट्रीय यादीत तिचे नाव गेले. एकाच पर्वताच्या नावाने एक तोतया कॅलिफोर्नियात गाजला आणि खरा वारस हवाईत बदनाम झाला.

हवाईची स्वतःची एक रास्पबेरी आहे, 'आकाला'. या बेटांवर माणूस येण्यापूर्वी चरणारी जनावरे नव्हतीच, म्हणून काट्यांची गरजही उरली नव्हती. आकालाचे काटे मऊ, नावापुरते, पुष्कळ फांद्यांवर नाहीतच. अमेरिकेतून आलेल्या एका ब्लॅकबेरीने बेटांवर उच्छाद मांडला तेव्हा १९६० च्या दशकात तिच्यावर परदेशी कीटक सोडण्यात आले. त्यांनी ब्लॅकबेरीला काहीसा आवर घातला. पण पुढे ते कीटक आकालावरही आढळू लागले. ऑस्ट्रेलियात रूबस प्रजातीच्या स्थानिक जाती मोजक्या होत्या आणि त्यांची चाचणी आधी झाली होती. हवाईत घाई झाली, आणि त्या घाईची किंमत ज्याने कोणाचे काही बिघडवले नव्हते अशा बिनकाटेरी झुडपाला मोजावी लागते आहे.

इकडे ओरेगॉनमध्ये फळबागाईतदारांनी तांबेरा आणण्याच्या कल्पनेला कधीच थारा दिला नव्हता. त्यांचे कारण स्पष्ट होते. तेथे 'थॉर्नलेस एव्हरग्रीन' नावाची बिनकाट्यांची ब्लॅकबेरी मोठ्या प्रमाणावर पिकवली जात होती. हा वाण १९२६ मध्ये, म्हणजे बरबँक वारला त्याच वर्षी, ओरेगॉनमध्येच एका काटेरी झुडपावर आपोआप सापडलेला. त्याचे बिनकाटेपण केवळ सालीपुरते असते. मुळापासून फुटवा आला, की तो पुन्हा काटेरी निघतो. अशा नाजूक वाणावर रोग ओढवून घेण्यापेक्षा रानातली हिमालया सहन केलेली बरी, असा व्यवहारी विचार त्यामागे होता. पण २००५ मध्ये तांबेरा तेथेही उगवला, रानटी हिमालयावर आणि एव्हरग्रीनवरही. कोणत्याही खात्याने तो सोडलेला नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या पशुपालकाला जे दृश्य पाहण्यासाठी वर्षानुवर्षे सुनावण्यांची वाट पाहावी लागली, तेच पाहून ओरेगॉनचा बागाईतदार बुरशीनाशकाचा पंप खांद्यावर घेऊन निघाला.

आणि तीन वर्षांनी त्याहून मोठे संकट आले. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात, न्यायाधीश लोगनच्याच सांता क्रूझ परगण्यात, बेरींवर एक बारीक माशी सापडली. नराच्या पंखांवर एकेक काळा ठिपका. पूर्व आशियातली ही माशी जपानला १९१६ पासून चेरीवरची कीड म्हणून माहीत होती. आपल्या घरात केळ्यांभोवती घोंघावणाऱ्या चिलटांचीच ही बहीण, पण एका अवयवाने भयंकर. इतर चिलटे सडक्या फळात अंडी घालतात. हिच्या मादीच्या अंडी घालण्याच्या नळीला करवतीसारखे दाते असतात, त्यामुळे ती तोडणीला आलेले ताजे, अभंग फळ चिरून आत अंडी ठेवते. सकाळी तोडलेली रास्पबेरी वरून निर्दोष दिसते आणि बाजारात पोहोचेपर्यंत आतून अळ्यांनी विरघळते. सालीचे संरक्षण नसलेल्या रास्पबेरी-ब्लॅकबेरीला तिच्यापासून सर्वाधिक धोका. वर्षभरातच ती ओरेगॉनमध्ये होती, २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये.

बागाईतदारांनी फवारण्या वाढवल्या, तोडणीची पाळी आठवड्यातून अनेकदा केली, पडलेले फळ वेचून पिशव्यांत बंद केले, बागांवर बारीक जाळ्या ताणल्या. तरी माशी दर हंगामात परत येई, कारण तिचे कोठार बागेत नव्हतेच. ते बांधापलीकडे होते. कोणी न कापलेल्या, न फवारलेल्या, ऑगस्टभर फळांनी लगडलेल्या हिमालया ब्लॅकबेरीच्या जाळ्यांत ती पिढ्यांमागून पिढ्या वाढवत होती आणि तेथून शेतात उतरत होती.

शास्त्रज्ञ मग तिच्या मूळ देशी, जपान आणि चीनमध्ये, तिचा वैरी शोधायला गेले. गांधीलमाशीच्या कुळातला, पण मुंगीहूनही लहान असा 'गॅनास्पिस' नावाचा एक मित्रकीटक त्यांना मिळाला. त्याची मादी फळाच्या आत लपलेली माशीची अळी हुडकून तिच्या अंगात आपले अंडे घालते. हवाईचा अनुभव गाठीशी असल्यामुळे या वेळी घाई झाली नाही. इतर माश्यांवर तो जातो का, हे बंदिस्त प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे तपासले गेले. २०२१ मध्ये अमेरिकी कृषी खात्याने परवानगी दिली आणि २०२२ पासून हे कीटक सोडण्यास सुरुवात झाली.

बागेत सोडून उपयोग नव्हता. तेथली फवारणी माशीबरोबर त्यांनाही मारून टाकते. त्यांना हवी होती औषध न पोहोचणारी, माशीच्या अळ्यांनी भरलेली, कोणी हात न लावणारी जागा. म्हणून ओरेगॉन आणि वॉशिंग्टनमध्ये संशोधक कुप्या घेऊन शेताच्या बांधापलीकडे जातात आणि बरबँकच्या हिमालयाच्या जाळ्यांत त्या उघडतात.